शेवटचं पांढरं कापू नका

डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावून घेतलं. दार लागलं तेव्हाच मला निदान कळलं. पुढचं बोलणं फक्त नाव सांगण्यापुरतं होतं.

“कार्सिनोमा ऑफ द लॅरिंक्स,” ते म्हणाले. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र, घशातली आवाजाची पेटी. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर. मग त्यांनी आवाज खाली आणला. “त्यांना सांगू नका. घशाला सूज आहे, शेक द्यावे लागतील, एवढंच सांगा. पेशंटचा धीर सुटला की आमचे उपाय चालत नाहीत.”

त्या काळी हीच रीत होती. ज्याला रोग, त्यालाच त्याचं नाव सांगायचं नाही. मी मान हलवली आणि बाहेर आले.

तुमचे आजोबा बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. “मालती, मी इतकी वर्षं माणसांचे चेहरे बघून पोट भरतोय,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “तुला अभिनय जमत नाही. नाव सांग.”

मी नाव सांगितलं. शेजारच्या बाईंनी ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला. आजोबा त्यांच्याकडे वळले. “बाई, रोग मला झालाय. तुम्ही माझ्याआधी रडू नका, रांगेत या.”

ही गोष्ट साठ सालानंतर लवकरच घडलेली. निखिल, रेवा, नातवंडांनो, मी ती आता लिहून काढते आहे त्याला कारण निखिलचं पत्र. त्याच्या सासूबाईंना हेच दुखणं निघालंय आणि त्याने विचारलंय की घरच्यांनी काय करायचं असतं. त्याच पत्रात पुढे लिहिलंय की आजोबांच्या फिल्मची तिकडे परदेशात व्हिडिओ कॅसेट करून घेतली, पण शेवटचा भाग खराब झालाय, नुसतं पांढरं दिसतं, तेवढं कापून टाकू का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदाच लिहिते. मराठीत लिहिते. अडेल तिथे आईला विचारा.

आजोबा डॉक्युमेंटरी करायचे. तेव्हा थिएटरात मुख्य चित्रपटाआधी ज्या छोट्या माहितीपर फिल्मा दाखवत, त्या. कधी तलासरीच्या पाड्यांवरची मलेरियाची फवारणी, कधी चिखल्याची शाळा, कधी धाकट्या डहाणूचे मच्छीमार. कॅमेरा तेच चालवत आणि वरचं निवेदनही त्यांच्याच आवाजात असे. घर डहाणूला, कारण मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मुंबईला कामापुरतं जायचं आणि परत यायचं, असं त्यांचं चाले.

रोग पहिल्यांदा निवेदनाच्या रेकॉर्डिंगमध्ये दिसला. आवाज बसला होता. आम्ही ज्येष्ठमध दिला, हळद-दूध दिलं, सिगारेटला शिव्या दिल्या. पावसाळा आहे, उतरेल, असं म्हणत राहिलो. दुखत काहीच नव्हतं, म्हणून कुणी घाबरलं नाही. तुम्ही हे एक ध्यानात ठेवा: महिनाभर आवाज बसलेला राहिला तर ज्येष्ठमध पुरे, डॉक्टरांकडे जा. आमचं लॅरिंगोस्कोपी, म्हणजे घशात आरसा घालून पाहणं, आणि बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, हे सगळं उशिरा झालं.

मग मुंबईला रेडिएशन. रोगाच्या जागेवर बाहेरून किरणांचा मारा करतात. लोक त्याला शेक म्हणत, पण देताना ऊब लागत नाही. भाजल्यासारखं नंतर दिसतं. मानेची कातडी काळी पडली. तोंडाची लाळ आटली, भाताचा घास गिळेना. मी सगळं पेजेवर आणि पातळ वरणावर आणलं. वेटिंग रूममध्ये सगळे खाली बघून बसत. आजोबा मात्र टक लावून प्रत्येकाचा चेहरा पाहत. मी एकदा चिडले, “अहो, लोकांना आवडत नाही.” ते म्हणाले, “इथे सगळे एकमेकांपासून तोंड लपवतायत. चोरी केल्यासारखे.”

एक वर्ष बरं गेलं. आवाज थोडा परतला. त्यांनी एक फिल्मही पुरी केली. मग मानेत गाठ आली आणि जिना चढताना धाप लागू लागली. या वेळी डॉक्टरांचा शब्द होता मेटास्टॅसिस, म्हणजे रोग मूळ जागा सोडून दुसरीकडे पसरणं. फुप्फुसात गेला होता. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. श्वास अडू लागला म्हणून ट्रॅकिऑस्टॉमी केली. गळ्याला पुढून भोक पाडून त्यात धातूची नळी बसवतात आणि माणूस तिच्यातून श्वास घेतो. श्वास मिळाला, आवाज गेला.

ज्याच्या आवाजावर घर चाललं त्याचा आवाज गेला. मी रडले. ते रडले नाहीत. त्यांनी खुणेने माझ्या पिशवीतली पाटी मागितली. मी मास्तरीण, पिशवीत पाटी असायचीच. त्यावर त्यांनी लिहिलं, “डहाणूला चल. इथली भिंत बघून मी मरणार नाही.”

डॉक्टर म्हणाले, “तिकडे सोय नाही. नळी तुंबली तर काय कराल?” आजोबांनी लिहिलं, “हिला शिकवा.” आणि त्या डॉक्टरांनी मला खरोखर शिकवलं. नळीच्या आत दुसरी नळी असते, ती काढून उकळायची, बारीक ब्रशने साफ करायची, परत बसवायची. गळ्यावर ओल्या जाळीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे आत कोरडी हवा जात नाही. पहिल्यांदा नर्सने माझं मनगट धरून नळी बसवून घेतली. त्या डॉक्टरांचे आणि त्या नर्सचे उपकार मी विसरलेले नाही.

चैत्रात आम्ही घरी आलो. आमचं घर धाकट्या डहाणूच्या खाडीजवळ होतं. ओटीवर बसलं की बोंबील वाळत घातलेले दिसायचे आणि वारा फिरला की वासही यायचा. आजोबांना आता वास येत नव्हता, कारण नाकातून श्वास जात नव्हता. त्यांनी लिहिलं, “नाक गेलं, एवढं एक बरं झालं.”

भेटायला येणारे तोंडं पाडून येत. कुणी पायरीवरच डोळे पुसायला लागे. आजोबांनी दुसरी पाटी मागवली आणि दारावर टांगली. तिच्यावर लिहिलं होतं: “रडायचं असेल तर डहाणू रोड स्टेशनवर रडून मग या.” अर्धे लोक परत गेले. उरलेले पुन्हा पुन्हा आले.

इथे निखिलसाठी एक गोष्ट. न बोलणारा माणूस लिहीत असतो तेव्हा आपण दोन शब्दांतच वाक्य ओळखतो आणि “हो हो, कळलं” म्हणून पाटी पुसून परत देतो. मदत म्हणूनच करतो. आमच्याकडे एका पाहुण्यांनी तसं केलं तेव्हा आजोबांनी पाटी भिंतीवर फेकली. नव्या पाटीवर पहिलं वाक्य आलं: “तुमचं बोलणं मी मध्येच पुसतो का?” तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला की लिहून होईपर्यंत थांबायचं, आणि पाटी त्यांनीच पुसायची. सासूबाईंच्या बाबतीत औषधांइतकाच हा नियम पाळा.

आल्यावर थोड्याच दिवसांनी त्यांनी त्यांचा किल्लीचा कॅमेरा कपाटातून काढायला लावला. घड्याळासारखी किल्ली द्यायची, की अर्ध्या मिनिटाच्या आत जेवढं येईल तेवढं घेऊन तो थांबतो. त्यात आवाज टिपायची सोय नव्हती. त्यांनी लिहिलं, “आता दोघे सारखेच.” मग लिहिलं, “माझी फिल्म कर. शेवटपर्यंत.”

मी नाही म्हटलं. नळी उकळीन, मॉर्फिनचं इंजेक्शन द्यायला शिकेन, हे मात्र करणार नाही. आजोबांनी तेव्हा जे लिहिलं त्याला तीन पाट्या लागल्या. एक वाचून झाली की ते पुसत आणि पुढे लिहीत. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात कॅमेरा लावला. उपास, ताप, बुडालेली होडी, सगळं घेतलं. कुणी माझ्या तोंडावर दार लावलं नाही. आता माझ्या घरात आलंय, तर मी दार लावून घेऊ?”

मला त्या डॉक्टरांनी लावलेलं दार आठवलं. मी कॅमेरा उचलला.

शिकवताना ते फार खडूस होते. पहिला आणि शेवटचा नियम असा: कॅमेरा चालू असेतो डोळा मागच्या भिंगावरून काढायचा नाही. ज्या भिंगातून आपण बघतो त्यातूनच उलटा उजेड आत शिरतो आणि फिल्म खाऊन टाकतो. पाठीमागून ऊन असेल तर चित्र पार पांढरं होतं. तिथे एक छोटी झडप असते, ती लावल्याशिवाय डोळा हलवायचा नाही. “बघायचं तर यातूनच,” त्यांनी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

म्हणजे मी माझ्या नवऱ्याला कॅमेऱ्यातूनच बघायचं. तेच तर मला जमत नव्हतं.

दादाभावजी, म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, पुण्याहून आले आणि माझ्या हातात कॅमेरा बघून हादरले. “मरणाचा तमाशा करता? लोक काय म्हणतील?” आजोबांनी शांतपणे लिहिलं, “लोकांना अजून कुठे दाखवलाय? आधी होऊ तर दे.”

आमचे गावातले डॉक्टर पारशी होते, तेही वैतागले. “बाई, मी नाडी बघू के कॅमेरामां बघू? आ दवाखाना हाय का सिनेमा?” आजोबांनी पाटी वर धरली: “कुठेही बघा, पण डावीकडे सरका. उजेड अडवताय.” डॉक्टर बडबडत सरकले. पुढच्या वेळी आले ते नवा टाय लावून.

आणि काशी आली. धाकट्या डहाणूची मासे विकणारी काशी तुम्ही आजोबांच्या या फिल्ममध्ये पाहिली आहे, कपाळाला कुंकू नसलेली, मोठ्याने हसणारी. काही वर्षांपूर्वी आजोबा मच्छीमारांची फिल्म करत होते तेव्हा एक होडी परतली नाही. तिच्यात काशीचा नवरा होता. काशी किनाऱ्यावर उभी राहून रडत होती आणि आजोबांनी तिचा चेहरा जवळून घेतला होता. तो चेहरा देशभरच्या थिएटरांत गेला. काशीने तो कधी पाहिला नव्हता.

तिने टोपली ओटीवर आपटली. “फोटूवाल्या, तवा मी रडत होते तर तू तुझं खटखट लावलं होतंस. आता तुझ्या घरी आलंय. मी बघनार. बाय, पाट दे बसायला.”

मला वाटलं, आता भांडण होणार. आजोबांनी पाटीवर एकच शब्द लिहिला. काशीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला: “बस.”

ती बसली. बाजार उरकला की रोज येऊन बसू लागली. तिने कधी कीव केली नाही. आजोबांना नळीतून खोकला आला की म्हणायची, “पंपात गाळ आला रं तुझ्या.” आजोबा हसत. गळ्याला नळी असलेल्या माणसाचं हसणं नुसतं वाऱ्यासारखं येतं, पण खांदे हलतात. ते मी घेतलंय. तुम्हाला फिल्ममध्ये दिसतं ते हेच.

पहिल्या काही रिळांची फिल्म मुंबईहून धुऊन आली. दिवेलागणीला आम्ही ओटीवर चादर टांगली आणि प्रोजेक्टर लावला. चादरीवर आजोबा दिसले, पाटीवर लिहिणारे, डॉक्टरांना हाताने बाजूला सारणारे. आणि मधेच चित्र पांढरं झालं. परत आलं. नळी साफ करायच्या वेळी पुन्हा पांढरं. खोकल्याच्या उबळीत पुन्हा.

आजोबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खडू मोडेल इतक्या जोरात लिहिलं, “डोळा काढलास! फिल्म वाया!”

“काय म्हनतो?” काशीने विचारलं. मी सांगितलं की कॅमेरा चालू असताना मी डोळा काढून यांच्याकडे पाहिलं, म्हणून तिथे पांढरं झालं.

काशी म्हणाली, “मग? नवऱ्याकडं बघायचं नाय काय तिनं? तुज्या मशिनीकडंच बघायचं?”

आजोबांनी खडू खाली ठेवला. मग बोट गोल फिरवून खूण केली, फिल्म मागे घे. मी मागे घेतली. त्यांनी ते पांढरे तुकडे पुन्हा पाहिले, एकेक, जसं आपण एखाद्या माणसाचा चेहरा पाहतो तसे. आणि मग लिहिलं, “नियम नियमच. उद्यापासून काढू नकोस.”

मी नाही काढला. त्यानंतर आषाढ-श्रावणात मी सगळं डोळा न हलवता घेतलं. नाकातल्या नळीतून दूध घालणं, मॉर्फिननंतरची गुंगी, आरशात बघून स्वतः दाढी करायचा हट्ट, दादाभावजींशी पाटीवर पट आखून बुद्धिबळ. कॅमेऱ्याने माझे डोळे कोरडे ठेवले, हे मला कबूल केलंच पाहिजे. ज्याच्या हाताला काम असतं तो माणूस खचत नाही. निखिल, तुझ्या बायकोलाही आईजवळ बसून काहीतरी काम असू दे. नुसतं उशाशी बसवू नका.

पारशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस थोडे आहेत. मी ओटीवर येऊन ते आजोबांना सांगितलं. आमच्या घरात आता दार लावून बोलायची पद्धत उरली नव्हती. त्यांनी लिहिलं, “होड्या कधी निघतात?”

पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात. समुद्रात जायचं ते नारळी पुनवेनंतरच. आजोबांच्या मच्छीमारांच्या फिल्ममध्ये होडी परत न आल्याचं दृश्य होतं, पण होड्या निघाल्याचं नव्हतं. ते राहिलं होतं. काशीचा दीर यंदा पहिल्यांदा स्वतःची होडी काढणार होता. “मी बघून जाईन,” आजोबांनी लिहिलं. डॉक्टर म्हणाले, “तेवढा वेळ मी लिहून देऊ शकत नाही.” आजोबांनी लिहिलं, “तुमच्याकडे मागितला कुणी?”

आणि ते थांबले. मला यात चमत्कार सांगायचा नाही. गाठ वाढत होती, वजन उतरत होतं, दुखणं मॉर्फिनलाही जुमानत नव्हतं. पण रोज सकाळी ते पहिल्यांदा समुद्राकडे बघत आणि मग माझ्याकडे, आणि भुवई वर करत. आज नाही, असा त्याचा अर्थ होता. कुणाला उद्देशून, ते तुम्ही ओळखा.

होड्या निघायच्या सकाळी उघडीप होती. चौघांनी खुर्चीसकट आजोबांना वाळूपर्यंत नेलं. ते समुद्राकडे तोंड करून बसले. मी त्यांच्या मागे, कॅमेरा डोळ्याला लावून. ऊन माझ्या पाठीवर होतं. पुरुषांनी होड्या पाण्यात ढकलल्या. बायका गप्प उभ्या होत्या. निघालेल्या होडीला मागून हाक मारायची नाही, असं तिथे मानतात. आजोबांच्या खुर्चीजवळ उभी असलेली काशी हळूच म्हणाली, “तू बरा. तुला हाक मारायची भीती नाय.”

आजोबांचे खांदे हलले.

मी किल्ली पुरी भरून घेतली होती. होड्या लाटेपार झाल्या तेव्हा आजोबा खुर्चीत वळले. वळायला त्यांना फार कष्ट पडले, ते तुम्हाला फिल्ममध्ये दिसतं. त्यांनी थेट कॅमेऱ्यात पाहिलं. मग एक बोट स्वतःच्या डोळ्याला लावलं आणि ते बोट बाजूला नेलं.

डोळा काढ.

मला वाटलं मला चुकीचं कळलं. त्यांनी तीच खूण पुन्हा केली, जरा चिडूनच, न ऐकणाऱ्या असिस्टंटला करतात तशी. कॅमेरा चालू होता. झडप लावायला मी हात नेला, तर त्यांनी मान हलवली, नको.

मी डोळा काढला. माझ्या पाठीवरचं ऊन त्या मागच्या भिंगातून आत शिरलं आणि किल्ली संपेपर्यंत शिरत राहिलं. तेवढा वेळ मी तुमच्या आजोबांकडे पाहत होते आणि ते माझ्याकडे.

घरी आल्यावर त्यांनी लिहिलं, “कॅमेरा पुसून कपाटात ठेव. पिक्चर पुरं झालं.” दादाभावजींनी विचारलं, “शेवटपर्यंत घेणार होतास ना?” आजोबांनी लिहिलं, “हा शेवट मी निवडलाय. दुसरा तो वरचा निवडेल.” त्यानंतर त्यांनी पाटी पुसली नाही.

ते भाद्रपदात गेले, सकाळी, घरात, दार उघडं असताना. माझा एक हात त्यांच्या हातात होता आणि दुसऱ्यात काही नव्हतं. माझी लेक, म्हणजे तुमची आई, आणि काशी तिथेच होत्या. त्याची फिल्म नाही आणि असायची गरज नाही.

पुढे मुंबईत फिल्म जुळवून देणारे गृहस्थही हेच म्हणाले होते की फिल्मचे शेवटचे काही फूट वाया गेलेत, कापू या. मी म्हटलं, कापाल तर सगळीच परत द्या. त्यांनी ठेवले.

तेव्हा निखिल, तिकडच्या माणसाला सांग की फिल्म खराब झालेली नाही. कॅसेट पुन्हा कर आणि ते पांढरं पुरतं येऊ दे, किल्ली संपेपर्यंत. ती पाहायला सासूबाईंनाही बसव. त्यांना काय झालंय ते त्यांना अजून सांगितलं नसेल, तर आधी सांग. दार उघडं ठेवून सांग.